थट्टेचा भाऊ होडी मागतो

"काय रे गुलामा, बापाची होडी काठाला लागली तरी उठून उभं राहायचं नाही?"

सुमानाने बांबू वाळूत रोवला आणि होडीतल्या बायका आधीच हसू लागल्या. चिंचेखाली चहाची किटली निखाऱ्यावर ठेवून बसलेल्या हवालदार अघालीने मान वर केली नाही. त्याने एका पेल्यातला चहा दुसऱ्या पेल्यात उंचावरून ओतला, फेस नीट आला का ते पाहिले आणि मग सावकाश म्हणाला, "बाप? तुझ्या आजोबाला माझ्या आजोबाने दोन खारका देऊन घेतलं होतं. घरी नेऊन बघितलं तर बिनकामाचा निघाला, म्हणून एक खारीक परत मागितली."

"अन् ती मिळाली नाही, म्हणून तुझं खानदान अजून रडतंय."

टोमॅटोची टोपली डोक्यावर घेतलेली एक बाई हसता हसता पाण्यातच बसायची राहिली. अघालीने उठून होडीत डोकावल्यासारखे केले, दोन टोपल्या काठीने हलवल्या, आणि हाताने खूण केली: जा. जाता जाता एक टोमॅटो उचलून त्याने सुमानाच्या नावावर खाल्ला.

अघाली तुआरेग होता, उत्तरेच्या वाळवंटातला. सुमाना झर्मा, नदीकाठचा. या दोन जमातींत थट्टेचे नाते आहे, आणि ते कुणी सुरू केले हे कुणालाच ठाऊक नाही. थट्टेच्या भावाला गुलाम म्हणायचे, त्याचे खानदान काढायचे, त्याच्या ताटातला मांसाचा तुकडा उचलायचा. त्याने रागवायचे नाही. रागावला तो हरला. आणि थट्टेच्या भावाने काही मागितले तर नाही म्हणायचे नाही. कोंबडी मागितली तर कोंबडी द्यायची, पुढच्या खेपेला त्याची टोपी पळवायची, की झाली फिट्टंफाट. अघाली नायजरच्या सरहद्दीवरच्या सांबेरा गावी, या घाटावर बदलून आला त्याच दिवशी सुमानाने त्याला गुलाम म्हटले होते आणि अघालीचा चेहरा असा खुलला होता, जसा परक्या गावात आपल्या आईच्या हातचे जेवण मिळाल्यावर खुलावा.

होडी सोळा हात लांब होती, फळ्यांची, डांबर लावलेली, नाकावर पांढऱ्या रंगात चौदा आकडा. सुमानाने ती अकरा वर्षे शेजारच्या सरहद्दीवरच्या पुलावर हमाली करून घेतली होती. त्या काळी पूल म्हणजे नुसती धामधूम. पलीकडच्या बेनिनच्या बंदरातून तांदूळ, साखर, सिमेंट, जुने कपडे घेऊन ट्रक येत, आणि इकडून कांदे, गुरे, चवळी घेऊन जात. सुमानाच्या पाठीवरून निम्मा देश आत आला असे बिबाता, त्याची बायको, म्हणायची. पाठ गेली तेव्हा त्याने होडी घेतली, आणि लोक त्याला हसले. शेजारी एवढा मोठा पूल असताना होडीत बसणार कोण? बाजाराच्या दिवशी पलीकडे मालांविलला जाणाऱ्या चारदोन बायका, ज्यांना पुलापर्यंत चालायचा कंटाळा, तेवढ्याच बसत.

मग राजधानीत सैनिकांनी सत्ता घेतली. शेजारच्या देशांच्या मंडळाने नायजरला वाळीत टाकले आणि पूल बंद झाला. पुढे मंडळाने बंदी उठवली, तर नायजर हट्टाला पेटला: आता आम्हीच मंडळात राहत नाही. तीन देशांची वेगळी आघाडी झाली, नवा झेंडा आला, दूरदूरचे नवे मित्र आले. मंडळ सुटल्याची बातमी रेडिओवर लागली त्या दिवशी सांबेऱ्यात ढोल वाजले, आणि सगळ्यात मोठा झेंडा सुमानाच्या होडीवर होता. दिवसभर त्याने लोकांना फुकट फिरवले. मनापासून. आपण कुणाच्या तरी पायाखालून निघालो असे त्याला खरोखर वाटले होते, आणि ते वाटणे खोटे होते असे म्हणायचा मला काही अधिकार नाही.

पूल मात्र उघडला नाही. वाट अडवायला त्यावर आडव्या ठेवलेल्या, ट्रकवरून माल नेायच्या लोखंडी पेटाऱ्याच्या सावलीत शेळ्या बसू लागल्या. सिमेंट आता टोगोवरून, बुर्किनावरून, पुढे मागे बंदुका घेतलेल्या गाड्यांच्या पहाऱ्यात येई, आणि एक पोते येईपर्यंत घर बांधणाऱ्याचा उत्साह संपे. पण माणसांना तर नदी ओलांडायचीच होती. पलीकडच्यांची भाषा तीच, सोयरीक तीच. सांबेऱ्याच्या चौदा होड्या सकाळपासून येरझाऱ्या घालू लागल्या. सुमानाने नवऱ्या नेल्या, मौलवी नेले, दात दुखणारे नेले, रुसून माहेरी निघालेल्या नेल्या आणि समजूत काढून परत आणल्या. त्याची एकच बढाई होती: माझ्या होडीतून आजवर एकही माणूस बुडाला नाही.

कुर्बानीच्या सणाच्या महिनाभर आधी फर्मान निघाले, की गुरेढोरे आणि धान्य देशाबाहेर जाणार नाही. आपल्या माणसांना मेंढा स्वस्त मिळावा म्हणून. ऐकायला छानच होते. पण सांबेऱ्यातल्या बायका वर्षभर अंगणात एकेक मेंढा पोसतात ते पलीकडच्या बाजारासाठी. तिथे दुप्पट भाव. सलमू मावशीने तर तिच्या मेंढ्याला कोंडा, चवळीचा पाला, प्रसंगी स्वतःच्या वाटणीची पेज घालून असा केला होता, की तो गल्लीतून निघाला म्हणजे माणसे वाट देत. विधवा बाई, त्या मेंढ्यावर तिला घराचे छप्पर घालायचे होते. ती सुमानाकडे आली. त्याने नाही म्हटले. होडीला परवाना होता, परवान्यावर त्याचा अंगठा होता, आणि होडी गेली असती तर त्याच्याकडे उरली असती फक्त मोडलेली पाठ. मावशी उठली. मेंढ्याचे कान कुरवाळत निघून गेली.

घाटाच्या चौकीवर नवा कप्तान त्याच आठवड्यात आला. पूर्वेकडचा, चाडच्या तळ्याजवळचा, बारीक अंगाचा, अतिशय सभ्य माणूस. तो कुणालाही अरे-तुरे करीत नसे. शेळीलासुद्धा बाजूला व्हा म्हणाला असता.

सुमानाची चूक एवढीच, की नव्या पाहुण्यासमोर आपला घाट कसा आहे ते दाखवावे असे त्याला वाटले. होडी लागली. चिंचेखाली कप्तान खुर्चीवर बसला होता आणि अघाली टोपी घालून ताठ उभा होता. किटली नव्हती. हे सगळे सुमानाला दिसले, पण दिसलेले डोक्यात उतरायच्या आधी तोंड सुटले होते.

"काय रे गुलामा, आज उभा? शहाणा झालास. काल तुझ्या दोन भावांना पलीकडे विकून आलो. मेंढ्यांपेक्षा भाव कमी आला. शिंगं नव्हती ना."

होडीतल्या एकीला हसू फुटले आणि तिने ते पदराने अर्ध्यावर दाबले.

कप्तानाने सुमानाला जवळ बोलावले, नाव विचारले, आणि पलीकडे नेमके काय विकलेत ते विचारले. सुमाना हसत हसत समजावू लागला, की साहेब, ही थट्टा, हा माझा थट्टेचा भाऊ. अघालीकडे पाहून त्याने डोळा मारला. अघाली नदीकडे पाहत होता.

कप्तान म्हणाला, की त्याला हे नाते चांगले माहीत आहे. त्याच्या लोकांचे फुलानी जमातीशी तसेच असते. मग त्याने हाताची बोटे मांडीवर जुळवली.

"म्हणजे बघा, वर्दीतल्या शिपायाला तुम्ही गुलाम म्हणालात, आणि बंदी असताना पलीकडे विक्री केल्याचं बोललात. नातं नसेल तर हे दोन्ही गुन्हे आहेत. पण नातं आहे."

"आहे साहेब. आजोबा-पणजोबांपासून."

"मग हवालदारांनी काही मागितलं तर तुम्ही नाही म्हणणार नाही."

"कसा म्हणेन?"

हे शब्द तोंडातून गेल्यावर सुमानाला कळले. घाटावरच्या सगळ्यांनाच कळले. कपडे धुणाऱ्या बायकांचे आपटणे थांबले.

"हवालदार," कप्तान म्हणाला, "आपल्याला गस्तीला होडी नाही. मागा."

थट्टेचा भाऊ मागताना निदान एक शिवी तरी देतो, निदान बापाचा वाटा म्हणून मागतो. अघालीने दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि म्हणाला, "सुमाना, तुझी होडी दे."

नाही म्हटले तर नाते नाही, आणि नाते नाही तर आजवरची प्रत्येक थट्टा म्हणजे शिपायाचा अपमान, तुरुंग, आणि होडी तरीही जातच होती. हो म्हटले तर होडी गेली. सुमाना तिसरी वाट शोधत उभा राहिला. थट्टेत नेहमी तिसरी वाट असते. उन्हात त्याच्या टाळूवरून घाम कानामागे उतरला.

"दिली," तो म्हणाला. "पण उंट नाही ती, लक्षात ठेव. गवत टाकलंस तर चालायची नाही."

कुणी हसले नाही. कप्तानाने वहीत लिहिले, स्वखुशीने दिली, आणि शाईचा डबा पुढे केला. सुमानाने अंगठा उमटवला. मग कप्तानाने अगदी आदराने विचारले, की होडी चालवणार कोण. त्याच्या शिपायांपैकी कुणाला पोहतासुद्धा येत नाही. तेव्हा सुमानाच चालवतील, आणि त्यांना महिन्याला पगार मिळेल.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या तेरा होड्या वाळूवर ओढून त्यांच्या तळाला कुऱ्हाडीने भोके पाडली. चौदा नंबर तेवढी पाण्यात राहिली.

होडी गेली त्याच संध्याकाळी अघाली सुमानाच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याने सांगितले, की त्याच्यावर आधीच संशय होता, नात्याखातर होड्या सोडतो म्हणून. नसती मागितली तर त्याची वर्दी गेली असती. सुमानाने उलट त्यालाच धीर दिला. सण झाला की देतील परत, म्हणाला. अघाली गेल्यावर बिबाता चुलीपुढून उठली.

"हसत मागतो ती थट्टा," ती म्हणाली. "सरळ तोंडानं मागितली ना, मग ती जप्ती. एवढं कळत नाही तुम्हाला?"

सुमानाला कळत होते. पण ते कबूल केले तर अघालीही गेला असता, आणि एका दिवसात दोन गोष्टी घालवायची त्याची तयारी नव्हती.

सणाला तीन दिवस होते. पहाट फुटत होती. नदी उन्हाळ्याने इतकी उतरली होती, की मधे वाळूची पाठ वर आलेली. होडीत कप्तान स्वतः बसला होता, मधल्या फळीवर, गुडघे जुळवून. नाकाशी अघाली, बंदूक मांडीवर. मागे सुमाना, उभा, बांबू घेऊन.

लव्हाळ्यांतून बगळे उडाले ते सुमानाने आधी पाहिले. बगळे उगाच उडत नाहीत. मग त्याला डोंगी दिसली: मासे धरायची, एका खोडाची, जेमतेम दोन माणसांची. मागे बांबू रेटणारा सलमू मावशीचा दीर, पुढे मावशी, आणि मधे, पाय बांधून आडवा केलेला, तो मेंढा. सुमाना काही बोलला नाही. त्याने बांबू उजवीकडे टाकला आणि होडीचे नाक हळूच वाळूच्या बेटाकडे वळवले. अघालीनेही पाहिले होते. त्याची मान तशी ताठ झाली होती. तोही बोलला नाही. कितीतरी दिवसांत त्या दोघांनी पहिल्यांदाच एकत्र काहीतरी केले, आणि ते म्हणजे गप्प बसणे.

कप्तानाने दोघांच्या पाठी पाहिल्या, मग लव्हाळी पाहिली.

"हवालदार, तुमचे भाऊ आज फार हळू चालवतात."

"रेट, सुमाना," अघाली म्हणाला, मागे न पाहता.

सुमानाने रेटले. पण असे, की बांबू चिखलात रुतावा. तो रुतला. त्याने तो उपसायला वेळ लावला. डोंगी काठापासून शंभर पावलांवर होती, ऐंशीवर, साठवर. कप्तानाने अघालीला हवेत बार काढायला सांगितले, आणि अघालीने काढला.

मेंढा दचकला. वर्षभर हाताने भरवलेले जनावर. त्याला ओरडणेसुद्धा माहीत नव्हते. त्याने सगळ्या अंगाने एक उसळी मारली आणि डोंगी उलटली. दिराच्या हाताला लव्हाळी लागली. मावशी पाण्यात उभी राहिली, छातीपर्यंत, आणि दोन्ही हातांनी पाण्याखाली चाचपू लागली. मेंढ्याचे तोंड एकदा वर आले. मग आणखी एकदा. पाय बांधलेले होते, आणि ते मावशीनेच बांधले होते, चांगले घट्ट, वाटेत सुटू नयेत म्हणून.

आता सुमानाने होडी अशी मारली, की कप्तानाला फळी धरावी लागली. त्याने बांबू टाकून मावशीला काखेत धरून वर घेतले. ती येत नव्हती. पाण्याखाली तिने काहीतरी धरले होते; ते निसटले तेव्हा ती आपोआप हलकी झाली.

ती फळीवर बसली, पाणी गळत. रडली नाही, शापही दिला नाही. कमरेच्या कापडाची ओली गाठ दातांनी सोडली, त्यातून दोन नाणी काढली आणि सुमानाच्या पायाशी फळीवर ठेवली.

"भाडं घे," ती म्हणाली. "होडी सरकारची असली तरी चालवतोस तूच."

नाणी तिथेच राहिली. होडी काठाला लागेपर्यंत ती फळीवर इकडून तिकडे घरंगळत होती, आणि त्यांना हात लावायची कुणाचीच छाती झाली नाही. दिराला तालुक्याच्या कोठडीत नेले. कप्तानाने वहीत लिहिले, की जप्तीपूर्वी मेंढा बुडाला. त्याला खरेच वाईट वाटले असावे, कारण त्याने अक्षर नेहमीपेक्षा सुंदर काढले होते.

सणाला मेंढे स्वस्त झाले. होणारच, जे पलीकडे जायचे ते सगळे इथेच उभे. बायका सकाळपासून दोरी धरून बसत आणि संध्याकाळी मिळेल त्या भावाला देऊन टाकीत. घेणारे कोण, तर ज्यांना पगार. सुमानाच्या घरी जन्मात पहिल्यांदा मोठा मेंढा आला, पाठीवर हात ठेवला तर हात बुडावा असा.

नमाजानंतर सांबेऱ्यात घरोघर जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागायची असते आणि द्यायची असते. सुमाना सहा घरी गेला. सहाही घरी माणसे म्हणाली, माफ केलं, आणि दार पुढे केले. त्याच्या दारी कुणी माफी मागायला आले नाही. त्याच्याशी चुकल्याचे कुणाला वाटतच नव्हते. बिबाताने मटणाचे वाटे पानांवर घालून पाठवले. सलमू मावशीकडचा वाटा तसाच परत आला, त्यावर माशी बसू नये म्हणून नीट झाकलेला.

दुपारी अघाली आला. वर्दी नव्हती. धुतलेला निळा झगा, नवे पागोटे, अंगाला अत्तर. अंगणाबाहेरूनच त्याने आवाज चढवला, आळीला ऐकू जाईल असा.

"ए गुलामा, मालक आलाय. मेंढ्याचं मुंडकं कुठं लपवलंस?"

आजूबाजूच्या अंगणांतली बोलणी थांबली. सुमाना उठला. त्याने घरातली नवी चटई आणून सावलीत अंथरली, तिची सुरकुती हाताने काढली आणि बाजूला उभा राहिला.

"यावं," तो म्हणाला. "बसावं."

अघाली हसला. मग त्याने सुमानाकडे नीट पाहिले आणि बसला. बिबाताने भात आणला, त्यावर कलेजी, बरगड्या, सगळे चांगले तुकडे. सुमाना समोर बसला, थोडा लांब, गुडघे मुडपून, जिल्ह्याचा अधिकारी जेवायला आल्यावर बसतात तसा. अघालीने दोन घास खाल्ले. चवळी खाऊन वाढलेल्या मेंढ्याला झर्मांच्या डोक्यासारखाच वास येतो, असे काहीतरी म्हणाला. सुमानाने विचारले, मीठ कमी पडलं का.

अघालीने हात लांब करून सुमानाच्या ताटातली बरगडी उचलली. हाच त्याचा हक्क होता. सुमानाने सगळे ताट त्याच्याकडे सरकवले.

"घ्या ना. आपल्यासाठीच केलंय."

बरगडी अघालीच्या हातातच राहिली. शेजारच्या कुंपणामागे एक बाई खोकली.

"सुमाना," अघाली खालच्या आवाजात म्हणाला, "एक शिवी दे रे. एकच. माझ्या आईवरून दे."

"आपण सरकारी माणूस," सुमाना म्हणाला. "रस्सा वाढू अजून?"

अघालीने बरगडी ताटात ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. सुमानाने किटली आणली, मान खाली घालून, परक्या पाहुण्याच्या हातावर घालतात तसे पाणी घालू लागला. चरबी निघाली, बोटे निघाली, नखे निघाली. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. अघालीने ते मागे घेतले नाहीत, आणि किटली रिकामी होईपर्यंत सुमाना बारीक धार धरून ओतत राहिला.